शूर वगैरे लिहू नका

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक होणार. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

शाळेत १५ ऑगस्टनिमित्त जम्मू-काश्मीरमधल्या पूंछच्या मुलांना पत्रं पाठवायचं ठरलं. ७ मे २०२५ ला तिकडे घरांवर पाकिस्तानचे तोफगोळे पडले, लहान मुलंसुद्धा गेली. कल्पना चांगलीच आहे. सातवीची पत्रं माझ्याकडे. आणि सकाळी ग्रुपवर एका सहकाऱ्यांनी फॉरमॅट टाकला. "प्रिय शूर मित्रा, तू खरा हिरो आहेस, सारा देश तुझ्या पाठीशी आहे." खाली नाव, इयत्ता, तुकडी. फळ्यावर लिहा, पोरं उतरवून घेतील, मग पत्रं हातात धरून फोटो. झालं.

अहो तो शूर नाहीये! बारा वर्षांचं पोर आहे. गोळे पडायला लागल्यावर आईला घट्ट धरून बसलं असेल, चड्डी ओली झाली असेल. त्याला शूर म्हटलं की त्याने रडायचं कुठे?

मला अशी पत्रं आलीत म्हणून बोलतेय. १९९३ ला मी पाचवीत, सास्तूरजवळ आमचं गाव, गणपती बुडवून येऊन झोपलो आणि पहाटे सगळं खाली. (भूकंप कोणी मुद्दाम करत नाही, तोफगोळा करतं कोणीतरी, हा फरक आहेच, मान्य.) पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा शहरातल्या शाळांमधून पत्रांचे गठ्ठे यायचे. "धीर सोडू नकोस." एकाने तर चक्क विचारलेलं, "तुझ्या घरातलं कोण कोण गेलं?" आजी गेली होती. मी त्याला उत्तर नाही लिहिलं.

एकच पत्र अजून जपून ठेवलंय, निळं अंतर्देशीय. गिरगावच्या चाळीतली मुलगी. नळाला पहाटे पाणी येतं, आई उठवते, मला कंटाळा येतो, मांजरीला तीन पिल्लं झालीत, एकाला नाव सुचव. बास. भूकंपाचा भ पण नाही.

तर आज फॉरमॅट बाजूला ठेवला आणि वर्गाला म्हटलं, लिहा मनाने. एका पोराने विचारलं, बाई, बॉम्बचा आवाज कसा येतो असं लिहू? ओरडणार होते. मग त्या "कोण कोण गेलं"ची गोष्ट सांगितली, त्याने स्वतःच खोडलं. एका मुलीने लिहिलेलं, तुमच्याकडच्यांनी आमची माणसं मारली. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत ६ महाराष्ट्रातले होते, तिने टीव्हीवर सगळं पाहिलंय, राग खोटा नाही तिचा. नकाशा काढला, पहलगाम कुठे, पूंछ कुठे, मध्ये आख्खी पीर पंजालची डोंगररांग. ज्याच्या घरावर गोळा पडला त्याने काय केलं गं, विचारलं. बराच वेळ नकाशा बघत बसली, पत्र मात्र नाही लिहिलं. नको लिहू म्हटलं. जबरदस्तीचं पत्र कशाला पाठवायचं?

सहकारी म्हणतात ६० पोरांशी एकेक बोलायला वेळ कुठाय. खरंय ते. आणि पाकिटांचा खर्च त्यांनीच खिशातून केलाय, माणूस वाईट नाही, मीच ग्रुपवर जरा जास्त बोलले. पण फोटोला माझी पोरं देणार नाही. नाही म्हणजे नाही.

मी त्या मांजरीच्या पिल्लाला ढवळ्या नाव सुचवलं होतं. ढवळ्या आमचा बैल, गोठ्याखाली गेला. हे मी तिला कळवलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिचं पुढचं पत्र आलं, ढवळ्या दूध पितो, पडद्यावर चढतो. शेडमागे जाऊन किती रडले होते मी तेव्हा, भूकंपानंतर पहिल्यांदा.

मांजरीचं वर्गात बोलले नव्हते हां. तरी बॉम्बवालं पोर सुट्टीत आलं, बाई, काल आमची शेळी व्याली, हे चालेल का? म्हटलं, पळेल. पिल्लाला नाव सुचव असं लिहू? लिही की. आणि त्याने उत्तरच नाही दिलं तर?

नाही तर नाही, म्हटलं. पण तोवर तो पिल्लाला नाव ठेवणार नाहीये म्हणे.