म्हणे, बोट फिरवून गळती शोधा!

काल रात्री भाच्याचा मेसेज आला. मशीनवर हेल्पर म्हणून लागून त्याला चारच महिने झालेत. "मामा, हे बघा, किती सोपं आहे!" आणि खाली तो सगळीकडे फिरणारा फॉरवर्ड: 'क्रेन असो की लोडर, हायड्रॉलिक सिलेंडरचं सील अर्ध्या तासात स्वतः बदला, मेकॅनिकची गरज नाही.' सहा पायऱ्या, प्रत्येकीपुढे हिरवी खूण. (हा सिलेंडर म्हणजे ऑइलच्या दाबानं आतला पिस्टन सरकवून वजन उचलणारी नळी, आणि सील म्हणजे तिच्यातून ऑइल गळू न देणारी कडी.) हाच मजकूर याआधी तिघांनी पाठवला होता, तेव्हा हसून सोडून दिला. पण हा पोरगा उद्या सकाळी खरंच पाना घेऊन बूमखाली, म्हणजे मशीनच्या वजन उचलणाऱ्या लांब हाताखाली, बसेल.

तिसऱ्या पायरीपासून सुरू करतो, कारण माझी झोप तिनंच उडवली. 'गळती बारीक असेल आणि दिसत नसेल, तर प्रेशर चालू ठेवून होज आणि ग्लँडभोवती बोट फिरवा. हातमोजा घातला की धोका नाही.' होज म्हणजे ऑइलचा रबरी पाइप, आणि ग्लँड म्हणजे सिलेंडरच्या तोंडाचं झाकण, ज्यातून पिस्टनचा दांडा, म्हणजे रॉड, बाहेर येतो.

वजन उचलणाऱ्या मशीनचं प्रेशर साधारण २०० ते ३५० बार असतं (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा). कातडी भेदायला ७ बारही पुरतात. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की त्यातून सुटणारी ऑइलची धार बऱ्याचदा दिसतच नाही, फार तर धुकं उठल्यासारखं वाटतं. हातमोजा तिला अडवत नाही, कापडाचाही नाही आणि चामड्याचाही नाही. त्यात फसवं काय, तर जखम. बोटावर डास चावल्यासारखा एक ठिपका. रक्त नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस बोट फडक्याला पुसतो, काम उरकतो, घरी जातो. तोवर ऑइल आत कंडरांच्या आवरणातून तळहाताकडे सरकलेलं असतं. मग काही तासांनी बोट टम्म फुगतं.

'जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक ट्रॉमा'मध्ये २००६ साली अशा हाताच्या दुखापतींचा आढावा आला होता. एकूण ४३५ घटना. त्यात पेंट, ग्रीस, सगळंच धरलेलं आहे, नुसतं हायड्रॉलिक ऑइल नाही, हे आधीच सांगतो. त्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये बोट किंवा हाताचा भाग कापावा लागला. म्हणजे दहातले तीन. हे ऑपरेशनचं काम आहे आणि तेही काही तासांच्या आत. दवाखान्यात गेल्यावर 'ऑइल लागलं' म्हणू नका, 'प्रेशरनं ऑइल आत शिरलंय' असं सांगा. नाहीतर ठिपका बघून धनुर्वाताचं इंजेक्शन देतील आणि घरी पाठवतील.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांची डावी तर्जनी मधल्या पेरापर्यंतच होती. आम्हाला वाटायचं, गिअरमध्ये गेली असणार. पुढे कळलं, ग्रीस गनचं तोंड साफ करताना गेली.

गळती शोधायची तर लांब काठीला पुठ्ठा बांधा आणि तो लांबून फिरवा. पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते. बोटावर उमटून उपयोग नाही.

आता पहिली पायरी: 'इंजिन बंद केलं की प्रेशर शून्य.' अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पंपाचं प्रेशर जातं. पण लॉक व्हॉल्व (ऑइल परत जाऊ न देणारी झडप) आणि पिस्टनच्या मध्ये अडकलेलं ऑइल बूमचं वजन पेलत असतं, ते तसंच दाबाखाली राहतं. अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालचं ऑइल साठवणारी टाकी, असेल तर त्याचं प्रेशर वेगळंच. आधी वजन आणि बूम जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात टाका, मॅन्युअलमध्ये दिलंय त्या पद्धतीनं लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडा आणि गेजवर शून्य बघा. पाना त्यानंतर.

दुसरी पायरी वाचून मात्र हसू आलं. 'ऑइल दबत नाही, त्यामुळे बूम वर असला तरी टेकूची गरज नाही.' ऑइल जवळजवळ दबत नाही हे खरंच, ७० बारला जेमतेम अर्धा टक्का. पण अरे बाबा, तू तेच ऑइल बाहेर काढायला बसलायस ना! बूम खाली घेता येतच नसेल तर कंपनीनं दिलेला लोखंडी टेकू लावायचा. विटा नाहीत, लाकडाचा ओंडका नाही, आणि टेकू म्हणून दुसरा जॅक तर नाहीच.

चौथी: 'पिस्टन अडकला तर कॉम्प्रेसरची हवा मारा.' हिशोब करून बघा. १०० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. ७ बार हवा म्हणजे साडेपाचशे किलोंहून जास्त जोर. शिवाय ऑइल असतं तर पिस्टन थोडा सरकताच दाब उतरला असता. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते, पिस्टन सुटला तरी ती त्याच्या मागे लागते. समोर भिंत असेल तर भिंतीचं नुकसान, माणूस असेल तर बोलायलाच नको. सिलेंडर पक्का बांधा, ऑइलचा हातपंप लावा, समोर कुणाला उभं करू नका.

ग्लँड गॅसच्या ज्योतीनं गरम करायची पाचवी पायरी तर बंद डब्यात ऑइल तापवण्यासारखी आहे. आत व्हायटॉनची (उष्णता सोसणाऱ्या एका रबराची) सीलं असतील तर ३०० अंशांच्या वर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू निघतो, तो वेगळाच. राहिला रॉडवर पॉलिश पेपर घासायचा सल्ला. एखादा बारीक उंचवटा आलेला असेल तर ऑइलस्टोननं हलक्या हातानं काढता येतो, मीही काढलाय. पण क्रोमचा थर केसाहून पातळ असतो. लांबलचक ओरखडा घासून गुळगुळीत केला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि नवं सील महिनाभरात पुन्हा गळायला लागतं.

हे सगळं रात्रीच फोनवर सांगितलं. त्यानं मुकाट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मामा, वेल्डरचा जाड हातमोजा घातला तर?"