‘जुन्या गाडीला पुन्हा रोड टॅक्स नाही’: या मेसेजमध्ये नेमकं काय चुकतं

परराज्यातली जुनी गाडी घ्यायचं मनात आलं की कुणीतरी एक मेसेज पुढे पाठवतंच. त्याचा आशय असा: ‘जुन्या गाडीचा रोड टॅक्स पहिल्या मालकाने 15 वर्षांचा भरलेला असतो आणि तो गाडीबरोबर देशभर चालतो. बाहेरच्या राज्यातली गाडी असली तरी कायद्याने 12 महिने सूट आहे. मधून मधून हद्द ओलांडून टोलची पावती ठेवा, 12 महिने पुन्हा सुरू होतात. एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आणली की कराचा प्रश्न मिटला. भरावाच लागला तर तुम्ही गाडी ज्या किमतीला घेतली त्यावर लागतो, आणि जुन्या राज्यातले पैसे परत मिळतातच. बीएच (भारत मालिकेचा) नंबर केला तर टॅक्सच नाही.’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात. हा मेसेज वाचून टोकन दिलेल्या माणसाला आरटीओत 60–70 हजारांचा आकडा दिसतो तेव्हा व्यवहार मागे घ्यायची वेळ गेलेली असते. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘टॅक्स भरलेला असतो, तो गाडीबरोबर चालतो’

राज्यातल्या राज्यात हे खरं आहे. पुण्याची एमएच-12 गाडी कोल्हापूरच्या माणसाने घेतली तर एकरकमी कर पुन्हा लागत नाही. तो कर गाडीवर भरलेला असतो, मालकावर नाही. खरेदीदाराला नाव बदलायचं शुल्क लागतं. खासगी मोटारीसाठी ते 300 रुपये, आणि स्मार्ट कार्डाचे 200. कर्ज काढून गाडी घेतली तर बोजा चढवायचे 1500 वेगळे.

मात्र इथेही दोन खड्डे आहेत. पिवळ्या पाटीची गाडी घेऊन पांढरी करायची असेल तर परमिट जमा करावं लागतं आणि खासगी गाडीच्या हिशेबाने कराचा फरक भरावा लागतो. टॅक्सीचा कर मुदतीचा असेल तर थकबाकीही बघायला हवी, कारण ती मिटेपर्यंत ट्रान्सफर पुढे सरकत नाही. दुसरा खड्डा वयाचा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात सोबत पर्यावरण कर. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 5000 रुपये झालं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने ‘टॅक्स भरलेला आहे’ हे ऐकताना अजून किती महिने, असं विचारलंच पाहिजे.

‘देशभर चालतो’

देशभर चालते ती नोंदणी. केंद्राच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 46 सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात नव्याने नोंदवावी लागत नाही. कराचं तसं नाही. वाहनांवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, नोंद 57. महाराष्ट्रात 1958 चा मोटार वाहन कर कायदा लागतो, आणि तो राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर कर बसवतो. गाडी कुठे विकत घेतली, पहिला कर कुणाच्या तिजोरीत गेला, याने त्यात काही फरक पडत नाही.

सगळा गोंधळ या दोन कायद्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. मेसेज लिहिणाऱ्याने नोंदणीचा नियम घेतला आणि तो करालाही चिकटवला.

दिल्लीची गाडी इकडे स्वस्त का पडते त्याचं एक कारण म्हणजे तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेले निर्बंध. दुसरं कारण करातच आहे. 2018 मध्ये 9 लाखांची डिझेल गाडी दिल्लीत वैयक्तिक नावावर घेतली तर कर 8.75 टक्के, म्हणजे 78,750 रुपये. तीच गाडी त्याच वर्षी महाराष्ट्रात घेतली असती तर 13 टक्के, म्हणजे 1,17,000. तिकडचा विक्रेता जी किंमत सांगतो तिच्यात महाराष्ट्राच्या कराचा एक रुपयाही नसतो. तो तुमच्याकडे यायचा असतो.

‘12 महिने सूट आहे’

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा थांबून बघू. 12 महिने हा आकडा कलम 47 मधला आहे. परराज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त राहिली तर मालकाने तिथला नवीन नंबर घ्यावा, असं ते कलम सांगतं. ते नंबराबद्दल बोलतं, कराबद्दल नाही.

शिवाय ते बदली होऊन आलेल्या माणसाला लागू पडतं. गाडी आधीपासून त्याच्याच नावावर आहे, फक्त जागा बदलली. तुम्ही गाडी विकत घेतलीत, म्हणजे तुम्हाला कलम 50 लागतं. खरेदीदाराने 30 दिवसांच्या आत मालकी बदलाची सूचना द्यायची असते, आणि ती जुन्या आरटीओला नव्हे तर तुमचा राहता पत्ता ज्या आरटीओच्या हद्दीत आहे तिथे. विक्रेत्यालाही मुदत आहे: राज्यातल्या राज्यात 14 दिवस, राज्याबाहेर 45 दिवस. नाशिकच्या माणसाने दिल्लीची गाडी घेतली तर 30 दिवसांत अर्ज नाशिकला, आणि तो अर्ज पडला की नवा नंबर आणि इथला कर त्याच फाइलमध्ये येतो. बारा महिन्यांची गोष्ट खरेदीदाराच्या वाट्याला येतच नाही.

12 महिने गाडी जुन्या मालकाच्या नावावर चालवत राहिलं तर नुकसान दोघांचं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की अपघाताची भरपाई नोंदीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे जाते, गाडी प्रत्यक्षात आधीच विकली गेली असली तरी. विक्रेत्यांनीही हे वाचावं.

‘हद्द ओलांडा, टोलची पावती ठेवा’

पावतीवरून एवढंच कळतं की त्या दिवशी गाडी नाक्यावरून गेली. ती कायम कुठे असते हे सांगणारे पुरावे भरपूर असतात: फास्टॅगच्या नोंदी, ई-चलन, विम्याच्या पॉलिसीवरचा पत्ता, सर्व्हिसिंगची बिलं, सोसायटीच्या पार्किंगची नोंद. आरटीओच्या वायुवेग तपासणी पथकाने परराज्याची पाटी बघून गाडी अडवली आणि मालक म्हणून तुम्ही इथलं आधार कार्ड काढलंत की संशयाला जागाच उरत नाही. मग मूळ कर, त्यावर चढलेलं व्याज, दंड, आणि भरेपर्यंत गाडी अडकून. कमी कराच्या पुद्दुचेरीसारख्या ठिकाणी महागड्या गाड्या नोंदवून दुसरीकडे वापरल्याची प्रकरणं अशाच नोंदींवरून उघडी पडली आहेत.

‘एनओसी आणली की मिटलं’

कलम 48 ची एनओसी देताना जुनं आरटीओ कराच्या बाबतीत आपल्या राज्याचा कर थकलेला नाही ना, एवढंच बघतं. इकडच्या कराशी तिचा संबंध नाही. उलट एनओसी निघाल्यावर घाई करावी लागते, कारण जुन्या नोंदीवर ‘एनओसी इश्यूड’ असं येतं आणि गाडी दोन राज्यांच्या मधे लटकते.

एनओसीवर कोणत्या आरटीओसाठी दिली ते छापलेलं असतं. एजंटने घाईत पुणे लिहिलं आणि तुमचा पत्ता पिंपरी-चिंचवडच्या एमएच-14 मध्ये येत असेल तर दुरुस्तीसाठी पुन्हा त्या राज्यात हेलपाटा. अर्ज भरण्याआधीच विक्रेत्याला आरटीओचा कोड लेखी पाठवा.

‘घेतलेल्या किमतीवर टॅक्स लागतो’

हा समज मोठमोठ्या हिशेबी माणसांना गोत्यात आणतो. कर मोजला जातो तो गाडी नवी असतानाच्या इन्व्हॉइसच्या किमतीवर. त्या किमतीला गट लागतो. पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 आणि त्यावर 13. डिझेलला अनुक्रमे 13, 14 आणि 15. जो आकडा येईल त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे तक्त्यानुसार घट मिळते.

उदाहरण घ्या. पेट्रोल गाडी, मूळ इन्व्हॉइस 8 लाख, वय 5 वर्षं, तुम्हाला पडली 4 लाखांना. मेसेज म्हणतो 4 लाखांवर 11 टक्के, म्हणजे 44,000. प्रत्यक्षात सुरुवात 8 लाखांच्या 11 टक्क्यांपासून, म्हणजे 88,000 पासून होते. वयाच्या तक्त्यात समजा 70 टक्के आले, तर 61,600 भरायचे. सौदेपावतीवर किंमत कमी लिहून यातला एक रुपयाही वाचत नाही. पुढे वाद झाला तर मात्र ती कमी लिहिलेली किंमत तुमच्याच अंगावर येते.

म्हणून मूळ इन्व्हॉइसची प्रत विक्रेत्याकडून मागून घ्या. ती नसेल तर किंमत ठरवण्यावरून फाइल अडते.

‘जुने पैसे परत मिळतातच’

परतावा असतो, पण तो आपोआप खात्यात येत नाही आणि इकडच्या करातून वजाही होत नाही. इथे आधी पूर्ण भरायचं, नवा नंबर घ्यायचा, मग जुन्या राज्यात उरलेल्या काळापुरता अर्ज करायचा. सोबत मूळ कराची पावती, एनओसीची प्रत, नवं आरसी आणि इथे कर भरल्याची पावती. नियम आणि मुदत राज्यागणिक वेगळी. कर भरला होता विक्रेत्याने, गाडी आता तुमच्या नावावर, त्यामुळे परतावा कुणाचा हा वाद ठरलेला. सौदेपावतीतच एक ओळ लिहून घ्या आणि विक्रेत्याच्या सहीचं संमतीपत्र त्याच दिवशी घ्या. नंतर फोन उचलला जात नाही. हे पैसे मिळतील असं धरून गाडीचं बजेट बसवू नका.

‘बीएच नंबर म्हणजे टॅक्स नाही’

बीएच मालिका 15 सप्टेंबर 2021 पासून सुरू झाली. तिच्यात कर आहेच, फक्त 15 वर्षांऐवजी 2 वर्षांच्या हप्त्याने. 10 लाखांखाली 8 टक्के, 10 ते 20 लाखांना 10, त्यावर 12. डिझेलला 2 टक्के जास्त, इलेक्ट्रिकला 2 कमी. हप्ता चुकला की दिवसाला 100 रुपये. हा नंबर सगळ्यांना मिळत नाही: सैन्यदल, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी, आणि 4 किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच.

जुनी बीएच गाडी घेणाऱ्याने तर जास्तच जपायला हवं. डिसेंबर 2022 च्या दुरुस्तीनंतर ती कुणालाही विकता येते, पण तुम्ही पात्र नसाल तर राज्याचा नंबर घेऊन इथला कर भरावा लागतो. आणि मागच्या मालकाने भरलेले ते 2 वर्षांचे पैसे कधी संपतात हे आरसीवर बघितल्याशिवाय कळत नाही.

आता कामाचा क्रम. टोकन देण्याआधी एम-परिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाका. कराच्या रकान्यात ‘एलटीटी’ असेल तर आजीवन कर भरलेला आहे, पण गाडी ज्या राज्यात नोंदली त्या राज्यापुरता. तारीख असेल तर कर मुदतीचा आहे. तिथेच बोजा, विमा, पीयूसी आणि काळ्या यादीची नोंद बघा. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 विक्रेत्याने आधी करायचं. मग चलनं, मग फॉर्म 28 वर एनओसी. इकडे आल्यावर वाहन पोर्टलवर नंबर बदल आणि मालकी बदल, दोन्हींचे अर्ज. एजंट पहिल्याला आरएमए आणि दुसऱ्याला टीओ म्हणतात. फॉर्म 27, 29 आणि 30, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन. 29 च्या दोन प्रती लागतात आणि त्यावर विक्रेत्याची सही हवी. ती एनओसीच्या वेळीच घेऊन ठेवा.

फॉर्मसोबत लागणारी चासी नंबरची पेन्सिल प्रिंट स्वतः काढायला काहीच अवघड नाही. नंबर कोरलेली जागा कापडाने आणि थोड्या रॉकेलने पुसा, पातळ पांढरा कागद घट्ट धरा, पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवा. 17 अक्षरं-आकडे सगळे वाचता आले पाहिजेत. एखादा पुसट आला तर गंज घासून पुन्हा काढा, कारण निरीक्षक तोच पुसट आकडा आरसीशी ताडून बघतो. घासल्यावरही आकडा वेगळाच किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसला, तर त्या गाडीला पैसे देऊ नका.

निरीक्षकाने गाडी पाहिली, कर भरला आणि नंबर पडला की लगेच तीन कामं. नव्या नंबराची एचएसआरपी (उच्च सुरक्षा) पाटी बसवा. जुना फास्टॅग बंद करून नव्या नंबराचा घ्या. विमा कंपनीला नाव आणि नंबर बदल कळवा. कलम 157 प्रमाणे त्याला खरेदीपासून 14 दिवस आहेत, आणि नंबर पडायला बहुतेक वेळा त्याहून जास्त लागतात. म्हणून नावाचा बदल आधी जुन्याच नंबरावर करून घ्या, नंबराचा नंतर. मधल्या काळात थर्ड पार्टीचं संरक्षण चालू राहतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे विम्याचा थोडा जादा हप्ताही आधीच हिशेबात धरा.