वेळेचं भरीत

परीक्षेला दीड महिना उरलाय ना? मग एवढ्यात पुस्तक उघडू नका, आधी वेळापत्रक करा. कार्डशीट आणि स्केचपेन गावातल्या दुकानात मिळतात, पण तिथे तो मोरपंखी रंग नसतो, तेव्हा जळगावलाच जा. जाण्यायेण्यात दिवस गेला तर वाईट वाटून घेऊ नका. तो नियोजनातच गेलाय.

वेळापत्रकात पहाटे चार ते सहा गणित, सहा ते आठ फिजिक्स असं ठोकून द्या. आजवर आपण साडेसातच्या आत कधी उठलो नाही, हे लिहायला रकाना नसतो. अंघोळ, जेवण, एसटीची वाट बघणं यांनाही जागा ठेवू नका. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली सांगून ठेवलंय, की माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो, आधी तसलंच काम रखडलेलं असलं तरी. यावलकडच्या एखाद्या बारावीच्या पोराच्या भिंतीवरचा कागद त्यांना कुणी दाखवला असता तर बिचाऱ्यांचे कष्ट वाचले असते. पहिल्याच दिवशी वेळापत्रक मोडलं, तर सोमवारपासून नवं. सोमवार हुकला, तर एक तारीख कुठे पळून जात नाही.

आता पद्धत. युट्यूबवरचे सर तुम्हाला पोमोडोरो सांगतील. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. ठीक आहे, इटलीत टोमॅटो. आपल्याकडे बामणोदचं वांगं आहे, आपण वांगं पद्धत वापरू. २५ मिनिटं वाचलं की ग्रुपवर मेसेज पडतो, ‘भरीत पार्टी, मळ्यात.’ जायचं. कपाशीच्या काड्या गोळा करायच्या, जाळ धरायचा, वांगी काळी ठिक्कर होईपर्यंत फिरवत बसायचं, मग गरमागरम सोलताना बोटं भाजून घ्यायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे सगळं ठेचून त्यात घालायचं, वरून कच्चं तेल. पुऱ्या कुणाच्या तरी घरून येतात आणि नेहमी उशिरा येतात. जेवल्यावर झाडाखाली डोळा लागतो. हिशेब चोख आहे: २५ मिनिटं काम, सात तास विश्रांती. एवढं जेवल्यावर रात्री अभ्यास होत नाही, हे शास्त्र शेवटच्या बाकावरच्यांनाही माहीत असतं. तरी घरी आल्यावर आईने ‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ विचारलं, तर ‘रिव्हिजन’ म्हणायचं.

एका गटाला मात्र हे सल्ले लागू नाहीत. ज्यांच्या शेतीपंपाला या आठवड्यात रात्रीची लाइट आहे, ती पोरं. ती पहाटे चारला जागीच असतात, बॅटरी घेऊन गव्हाच्या बाऱ्यांना पाणी देत. त्यांनाही सर मोबाइलवरून समजावतात, ‘ब्रह्ममुहूर्ताचा उपयोग करा.’ करताहेत की, गव्हासाठी. आणि त्यांच्या बहिणी? त्यांच्या वेळेचं नियोजन घरातल्या सगळ्यांनी मिळून आधीच करून ठेवलेलं असतं, त्यांनी डोकं शिणवायचं कारण नाही. कॉलेजला निघण्याआधी भाकरी थापून झाल्या म्हणजे बाकी दिवस त्यांचाच, भांडी सोडून.

बाकीच्यांनी मोबाइलचं व्यसन सोडवणारं ॲप घ्यावं. कोणतं चांगलं ते पाहायला दोन संध्याकाळी पुरतात.

आदल्या रात्री हुशार मुलाची वही झेरॉक्स करून आणा. झेरॉक्सच्या दुकानात रांग असेल. तिथे उभ्या उभ्या कुणाचं काहीच झालेलं नाही हे कळतं, इतका धीर कुठलंच पुस्तक देत नाही. मग ‘व्हई जाई’ म्हणत घरी यायचं आणि गठ्ठा उशाशी घेऊन झोपायचं.

पेपरात वेळ कमी पडेलच. राज्य मंडळाने २०२३ पासून शेवटी १० मिनिटं वाढवून दिली आहेत. त्यात पुरवण्या बांधा, समासाची राहिलेली रेघ मारा आणि ज्या प्रश्नाचं काहीच येत नाही त्याचा क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहा. घंटा झाली की लगबगीने बाहेर पडा. ‘पेपर लेंदी व्हता भो’ हे आपणच पहिल्यांदा म्हणायचं असतं. रेंगाळलात तर दुसरा कुणीतरी म्हणून टाकतो.