‘सगळे दात एकदम काढा आणि सुटा’ : एका संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीने फोनवर, बाकीच्या गप्पांच्या ओघात, उरलेले सगळे दात एकदाच काढून कवळी बसवायचे ठरवल्याचे सांगितले. तिचे वरचे चार-पाच दात हलतात हे खरे. पण खालचे पुढचे दात घट्ट आहेत आणि दोन्ही सुळे शाबूत आहेत. हा सल्ला कोणत्या दंतवैद्याने दिला, असे विचारल्यावर तिने मला एक संदेश पाठवला. तोच संदेश त्याआधी आणखी दोघांनी मला पाठवला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता, ही माझीच चूक.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : वरचे दात एकेक करून काढले की डोळ्याच्या नसेला दर वेळी धक्का बसतो आणि दृष्टी अधू होते, म्हणून सगळे दात एकाच बैठकीत काढावेत. कवळी आयुष्यभर टिकते, त्यामुळे दाताच्या डॉक्टरचे तोंड पुन्हा पाहावे लागत नाही. ती रात्रंदिवस तोंडात ठेवावी, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाकावी आणि सैल झाली तर पेस्ट लावून चिकटवावी.

डोळ्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण मावशी मुळात घाबरली ती त्यानेच. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी दुसरी जोडी दृष्टीची आणि दातांना संवेदना पुरवणारी पाचवी. या पाचव्या जोडीचा मधला फाटा डोळ्याच्या खोबणीच्या तळातून जातो, त्यामुळे वरच्या दातासाठी इंजेक्शन दिल्यावर कधी कधी खालची पापणीही काही वेळ बधिर होते. पण पापणी बधिर होणे आणि दिसेनासे होणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. ज्या वयात दात पडतात त्याच वयात मोतीबिंदूही होतो, आणि दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की पहिलीवर दुसरीचे खापर फोडायला आपण तयारच असतो. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य केली पाहिजे : वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला आणि तो तसाच राहू दिला, तर तो संसर्ग क्वचित डोळ्याभोवती पसरू शकतो. पण तो धोका किडलेला दात तोंडात ठेवण्याचा आहे, दात काढण्याचा नव्हे.

खरे नुकसान करणारे वाक्य दुसरेच आहे, आणि ते वरवर पाहता सर्वांत समंजस वाटते : कवळी आयुष्यभर टिकते. कवळी टिकेलही, ती ज्याच्यावर बसते तो जबडा तसाच राहत नाही, त्याचे काय? दाताच्या मुळाभोवतीचे हाड त्या दातासाठीच असते आणि दात गेला की ते झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. आन्त्ये टालग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा घेऊन 1972 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात पंचवीस वर्षांनंतरही झीज चालूच होती आणि खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात ती वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट होती. वरची कवळी टाळूवर पसरून बसते आणि लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते. खालच्या कवळीला मधे जीभ असल्यामुळे तेवढी जागाच मिळत नाही, आणि जी अरुंद पाळी मिळते तीच सर्वांत जास्त झिजते. खालची कवळी डब्यात आणि वरची तोंडात, असे चित्र इतक्या जणांकडे दिसते त्याचे कारण हे आहे. शिवाय उत्तम बसलेल्या कवळीनेही चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण पाव भागच मिळतो. हे ठाऊक असताना खालचे चांगले दात केवळ ‘एकदाची कटकट मिटावी’ म्हणून उपटायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे; दुसरा शब्द मला सुचत नाही.

सगळे दात कधीच काढू नयेत, असे मी म्हणत नाही. हिरड्यांच्या रोगाने सगळ्याच दातांचा आधार गेला असेल तर ते काढावे लागतात, आणि आधीच माप घेऊन दात काढल्याच्या दिवशीच कवळी बसवण्याची पद्धतही आहे. मात्र हिरड्या आक्रसल्या की ती काही महिन्यांतच सैल होते आणि तिला आतून नवा थर द्यावा लागतो किंवा ती नव्याने करावी लागते. अशा तात्काळ कवळीच्या बाबतीत पहिले चोवीस तास ती काढू नका, असे डॉक्टर सांगतात, कारण सूज आली की ती पुन्हा बसत नाही. ‘रात्रंदिवस घाला’ हा सल्ला बहुधा या एका दिवसाच्या सूचनेवरूनच ताणलेला असावा. एरवी रात्री हिरड्यांना विश्रांती हवी, नाहीतर कवळीखाली बुरशी वाढते. जपानमध्ये 85 आणि त्यापुढील वयाच्या 524 जणांच्या पाहणीत (2015) कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून थोडा अधिक आढळला.

उकळत्या पाण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही : कवळी ॲक्रिलिकची असते, ती वाकडी होते आणि मग बसत नाही. रोज मऊ ब्रश आणि साधा साबण, आणि रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवणे पुरते. पेस्ट थोडी लावायला हरकत नाही, पण सैल कवळीवर तो इलाज नव्हे. शिवाय जस्त असलेली पेस्ट वर्षानुवर्षे भरमसाट वापरली, तर शरीरातले तांबे कमी होऊन मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

राहता राहिला डॉक्टरचे तोंड न पाहण्याचा मुद्दा. कवळी घासून झालेली आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम कोणी तपासायची, हे त्या संदेशात लिहिलेले नाही. हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे चालू असतील, तर दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येण्यात अडचण येऊ शकते, आणि ती औषधे डॉक्टरला दात काढण्यापूर्वी सांगायची असतात, हेही त्यात नाही. मावशी अशीच एक गोळी घेते. ती आता तपासणीला जाणार आहे. वरचे हलणारे दात बहुतेक जातील, आणि पुढेमागे खाली कवळीची वेळ आलीच, तरी दोन सुळ्यांची मुळे राखून त्यांच्यावर ती बसवता येईल का, हे मी तिला विचारायला सांगितले आहे.