लेकराचं इन्सुलिन सोडवायला निघालेल्या मेसेजला उत्तर

गंगाखेडच्या बहिणीला तिच्या जावेनं पाठवला, अन् आता भावकीच्या ग्रुपवर फिरायलाय: "मुलांची शुगर ४० दिवसांत मुळासकट बरी. इन्सुलिनची सवय लागते, बंद करा, जांभूळ बी अन् कारल्याची पावडर द्या. शुगर गोड खाल्ल्यानं होते. लाइट गेली की इन्सुलिनचं विष होतं. नर्स कंपनीच्या एजंट, त्यांना विचारू नका." बहिणीचं लेकरू आठ वर्षांचं, त्याला टाइप वन शुगर, म्हणजे अंगात इन्सुलिनच न बनणारा मधुमेह. म्हणून लिहायलोय.

गोड खाल्ल्यानं नाही होत. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. उगं आईला बोल लावू नका.

इन्सुलिन बंद करा, हे वाचून मात्र डोकंच सणकलं. सवय कशाची बाप्पा? जे अंगात बनतच नाही ते बाहेरूनच द्यावं लागणार. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी असली लेकरं अर्धपोटी ठेवून कशीबशी जगवायचे, तरी बहुतेक वर्ष-दोन वर्षांत जायची. कारलं-जांभूळ तेव्हाही होतंच की आपल्याकडं! इन्सुलिन थांबलं की रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, वाढतात, पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल अन् जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, अन् घरचे म्हणतात पित्त झालंय. तेवढ्यात लेकरू बेशुद्ध.

"अमक्याच्या पोराचा डोस पावडरीनं कमी झाला." होतो ना, पावडर न देताही होतो. इन्सुलिन चालू केल्यावर उरल्यासुरल्या पेशी काही महिने थोडं काम करतात, डॉक्टर लोक त्याला हनिमून पिरियड म्हणतात, नेमकं तेव्हाच पावडरवाला श्रेय खाऊन जातो.

अन् नर्स एजंट? डॉक्टरांकडं पाच मिनिटं मिळतात, सिस्टरनं बहिणीला बाजूला बसवून इन्सुलिन टोचायचा सुईवाला पेन हातात दिला: आधी दोन युनिट हवेत सोडून बघायचे, टोचल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजायचं, मगच सुई काढायची. पोटावर एकाच जागी टोचून टोचून गाठ झालती, तीही तिनंच बोटानं चाचपून दाखवली, तिथं इन्सुलिन नीट शोषत नाही म्हणून आकडे वरखाली व्हायलते, अन् घरचे मात्र पोरावर चोरून खाल्ल्याचा आळ घ्यायलते! उलट्या असल्या, जेवण गेलं नाही तरी इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही, फोन करायचा. हात थरथरले, घाम फुटला, शुगर ७० च्या खाली गेली की आधी ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत तपासणी, हे शाळेतल्या मॅडमसाठी कागदावर लिहून देणारी पण तीच.

लाइट जाऊन फ्रिज बंद पडायचं म्हणाल तर ते अर्धं खरंय. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलं तर इन्सुलिनची ताकद जाते, विष नाही होत. बहीण चालू पेन डबीत घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवती.

कुणी पावडरीच्या भरवशावर इन्सुलिन सोडलं असंल तर आजच दवाखान्यात फोन करा, अन् उलट्या किंवा पोटदुखी असंल तर फोन पण नको, लेकराला घेऊन थेट निघा.