‘आठवडाभर थांबा’ हा सल्ला किलोभराच्या बाळासाठी नाही

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेतून पोषण (म्हणजे सलाईनसारखं, थेट रक्तात) देऊ देऊ नका, असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या चुलत भावाचं बाळ २८व्या आठवड्यात जन्मलं, वजन जेमतेम किलोभर. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याला हा मेसेज पाठवला आणि तो संमतीच्या कागदावर सही करायला कचरू लागला. म्हणून हे लिहितेय.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेते. ‘शिरेतलं पोषण आठवडाभर उशिरा दिलं तर संसर्ग कमी होतो, हे परदेशी संशोधनाने सिद्ध केलंय.’ अभ्यास खरा आहे. २०१६ सालचा, पेपॅनिक नावाचा. लूव्हेन, रॉटरडॅम आणि एडमंटनमधल्या अतिदक्षता विभागांतली १४४० मुलं. लवकर पोषण दिलेल्यांपैकी १८.५ टक्के मुलांना नवा संसर्ग झाला, उशिरा दिलेल्यांपैकी १०.७ टक्के. पण ती मुलं कोण होती? पूर्ण दिवसांच्या नवजातांपासून १७ वर्षांपर्यंतची. अपुऱ्या दिवसांची बाळं त्यात घेतलीच नव्हती! मेसेजमधून नेमकं एवढंच गाळलंय, आणि तो पाठवला जातोय नेमका त्याच बाळांच्या आईबापांना. याची मला भयंकर चीड येते.

फरक साधासुधा नाही. बाळाच्या अंगावर चरबी चढते ती शेवटच्या तीन महिन्यांत, आणि या बाळाला ते महिने मिळालेलेच नसतात. त्याच्या अंगातला साठा चारेक दिवसांत संपतो. पोटात असताना नाळेतून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात ते घटक, अखंड मिळत होती. नाळ कापली की तो पुरवठा त्या क्षणी बंद. मग नुसत्या ग्लुकोजवर ठेवलेलं बाळ स्वतःच्याच अंगातलं प्रथिन मोडू लागतं, रोज सुमारे एक टक्का. ‘चार दिवस साखरेचं सलाईन पुरतं’ हा मेसेजमधला दुसरा मुद्दा इथेच निकालात निघतो.

युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनांची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. गंभीर आजारी, पण पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी आठवडाभर थांबण्याचा विचार करता येईल, असं त्यांत आहे. आणि त्याच तत्त्वांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काय आहे? अमिनो आम्लं पहिल्याच दिवशी सुरू, किलोमागे किमान दीड ग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून अडीच ते साडेतीन. स्निग्धांश जन्मल्यावर लगेच, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत.

‘रक्तात पावडरचं दूध सोडतात’ हे तर धादांत खोटं. पंपावरच्या सिरिंजमध्ये दिसणारा पांढरा द्रव म्हणजे पाण्यात एकजीव केलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब: सोयाबीनचं तेल, काही प्रकारांत ऑलिव्हचं किंवा माशाचंही. सिरिंज आणि नळी झाकलेली असते ती काही लपवायला नव्हे, उजेडाने आतले घटक बिघडू नयेत म्हणून.

‘या पोषणाने यकृत बिघडतं’ हे मेसेजमधलं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. हे पोषण कित्येक आठवडे चाललं तर पित्त साचून कावीळ होऊ शकते. लाइनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या बारीक नळीतून, जंतू शिरण्याचा धोकाही आहेच. म्हणून तर रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), फॉस्फेट तपासत राहतात आणि दूध पुरेसं पचू लागलं की लाइन काढून टाकतात. धोका कमी करायचा तो असा, बाळाला उपाशी ठेवून नव्हे.

राहिलं आईचं दूध. ते बंद करत नाहीत. बाळाची प्रकृती स्थिर असेल तर चिकाचे थेंब पहिल्या दिवसापासूनच नळीने पोटात जातात. नळीनेच, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत बसत नाही. पोटातलं दूध जसजसं वाढतं तसतसं शिरेतलं पोषण कमी करतात.

हा मेसेज तुमच्याकडे आला असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: अमिनो आम्लं कधी सुरू केली, आज किलोमागे किती ग्रॅम चालू आहेत, दूध किती मिलिलिटरवर आलंय आणि लाइन कधी निघेल.