मनोरुग्ण वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांना चार युक्तीच्या गोष्टी

सिस्टर, ड्युटी सायकियाट्रीत लागली म्हणून तोंड पाडू नका. काम सोपं आहे, फक्त बोलण्याची पद्धत लवकर उचला. कॉलेजात ‘थेराप्युटिक कम्युनिकेशन’ शिकवलं असेल; ते परीक्षेपुरतं होतं.

सुरुवात अहो-जाहोपासून. मेडिसिनच्या वॉर्डात साखर वाढलेल्या आजोबांना ‘काका, जेवलात का?’ असं विचारावं लागतं. इथे वयाने तेवढेच निवृत्त हेडमास्तर आले तरी ‘ए, गोळी घे, तोंड उघडून दाखव.’ विचारपूस करायचीच असेल तर ती नातेवाइकाकडे, पेशंट समोर बसलेला असताना: ‘रात्री झोपला का हा?’ तो स्वतःच उत्तर द्यायला लागला, तर ‘तुला विचारलं का?’

खरी कला मात्र नोंदवहीत आहे. ‘मुलगा भेटायला येणार होता, आला नाही, म्हणून ताट सरकवलं’ असं लांबलचक कोण लिहिणार? ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ लिहा. रडल्या? ‘अटेन्शन सीकिंग’. एखादा सारखा येरझाऱ्या घालतो, म्हणतो पाय स्वस्थ बसू देत नाहीत. काही औषधांनीच असं होतं, त्याला अकाथिसिया म्हणतात, हे तुम्ही वाचलं असेल. पण तसं लिहिलं तर डॉक्टरांना कळवा, औषध तपासायला लावा, ही भानगड मागे लागते. त्यापेक्षा ‘रेस्टलेस, ऐकत नाही’. नाइटची सिस्टर ते वाचून आधीच आवाज चढवून आत जाते, पेशंटही चढ्या आवाजात बोलतो, वहीत ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ची भर पडते. सकाळच्या राउंडला डोस वाढतो. येरझाऱ्याही वाढतात. म्हणजे तुमची पहिली नोंद खरीच होती की नाही?

जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचून आलेली मुलगी असेल, तर आधी ‘आईबापाचा तरी विचार करायचास’ हे ऐकवा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम 115, म्हणतो की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरावं. धरू दे पोलिसांना नि कोर्टाला. आपण सलाइन लावता लावता बोलायला मोकळ्या. त्याच कायद्याने पेशंटला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिलाय आणि सक्तीने डोकं भादरायला मनाई केलीय. (संसदेला हेही लिहून काढावं लागलं, यावरून आपली परंपरा केवढी थोर ते बघा.)

तृतीयपंथी पेशंट आला तर ‘मॅडम म्हणू की सर?’ हा प्रश्न मावशी, मामा, वॉचमन, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक अशा सगळ्यांना विचारा. फक्त त्या व्यक्तीला विचारू नका. ती लगेच सांगून टाकेल आणि चर्चाच संपेल.

वर्षातून एकदा ‘सन्मानजनक भाषा’ या विषयावर कार्यशाळा होईल. चुकवू नका, चहासोबत बटाटेवडा असतो. तिथे ‘वेडा’ म्हणायचं नाही, ‘मेंटल केस’ म्हणायचं नाही, ‘सेवार्थी’ म्हणायचं, असं पीपीटीवर दाखवतील. सही करा, प्रमाणपत्र घ्या आणि वॉर्डात परतताच नवा शब्द वापरून टाका:

‘ए सेवार्थी, गप पड तिकडे, नाहीतर बांधून ठेवीन.’